रॅम्पच्या अलीकडचं माहेर

शुक्रवारी सकाळी अकराला लपवता येणार नाही अशी पहिली कळ आली, तेव्हा प्रीती प्रयोगशाळेत वडणग्याच्या एका बाईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजत होती. तिने डाव्या हाताने टेबलाची कड धरली, उरलेल्या पेशी मोजून काढल्या, आकडा लिहिला, खाली सही केली आणि मगच "आई गं" म्हटलं.

पहाटेपासूनच्या बारीक कळा तिने कुणालाच सांगितल्या नव्हत्या. सांगितल्या असत्या तर भांडण पहाटेच उभं राहिलं असतं.

महिनाभर ते भांडण लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या दवाखान्याच्या रॅम्पवर येऊन थांबलं होतं. रॅम्पच्या वर बाळंतिणींचा वॉर्ड. तिथे प्रीतीची सासू आक्काताई इनचार्ज सिस्टर, आणि आक्काताईच्या आधी तिची सासू धोंडुबाई छत्तीस वर्षं आया. औषधांच्या खिडकीत सासरे गणपतराव, अँब्युलन्सवर नवरा राजवीर. म्हणजे रॅम्पच्या वरचा सगळा दवाखाना हुपरीकरांचा, प्रीतीचं सासर. रॅम्पच्या खाली पुरुषांचा वॉर्ड, आणि तिथे एकतीस वर्षं वॉर्डबॉय असलेले तिचे वडील आकाराम. एवढंच माहेर. लोकांच्या लेकी नद्या ओलांडून सासरी जातात, प्रीती रॅम्प चढून गेली होती.

पण माहेर होतं, हे कुणी नाकारू नये. प्रीती पाच वर्षांची असताना तिची आई गेली आणि आकाराम तिला ड्युटीवर घेऊन येऊ लागले. नऊ नंबरची कॉट रिकामी असली की ती तिथे झोपायची, नसली की कुणा पेशंटच्या पायाशी. सलाईनचे थेंब मोजत ती शंभरपर्यंत आकडे शिकली. लग्नानंतरची पहिली पंचमीसुद्धा याच वॉर्डात झाली. मोडलेल्या पायाला वजन लावायच्या लोखंडी चौकटीला आकारामनी झोका बांधला, आणि हर्नियाच्या सहा पेशंटांनी टाके सांभाळत पंचमीची गाणी म्हटली.

आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही काही आकारामनी काढलेली रीत नव्हती.

"जोतीराम, पडदा वड!" पुरुषांच्या वॉर्डात आकारामनी आरोळी दिली. प्रयोगशाळेतून निरोप येऊन एक मिनिटही झालं नव्हतं.

बिद्रीच्या जोतीरामचा पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला होता, पण हात मोकळे होते. सात चादरी शिवून केलेला पडदा त्याने दोरीने सरसर ओढला. पडद्यामागे नऊ नंबरच्या जागी बाळंतपणाचं जुनं टेबल. ते आकारामनी अडगळीच्या खोलीतून काढून घासलं होतं, तेलपाणी केलं होतं, चाकांना हिरवा रंग दिला होता. शेजारच्या कपाटात बँडेजच्या डब्यांतून डिंक, हळीव, खारीक, बाळंतशेपा. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, आणि पट्टीवर आकारामचं टपोरं अक्षर.

"तात्या, पन ह्यो बापय माणसांचा वॉर्ड हाय," कोपऱ्यातला म्हातारा ज्ञानू म्हणाला. त्याला ही शंका पंधरा दिवस छळत होती.

"मग? पोरगी हितंच वाढली का न्हाई?"

"वाढायचं येगळं, तात्या."

"आमी समदी भिताडाकडं तोंड करून पडतो की," जोतीरामने तोडगा काढला. "मला तेवढं वळाय येत न्हाई. मी डोळ्यावर टावेल घेतो."

आकारामचं तिकडे लक्ष नव्हतं. ते खिडकीच्या काचेत भांग बघत होते. काल ते केस कापून आले होते. युनिफॉर्मला इस्त्री मारली होती. माहेरचं माणूस म्हणून उभं राहायचं तर नीटनेटकं दिसायला हवं. एकटाच माणूस, त्यातही गबाळा दिसला तर लोक काय म्हणतील? तेच म्हणतील, जे त्यांनी एकदा चहाच्या टपरीवर स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं: आई न्हाई त्या पोरीला, म्हंजे माहेर असून नसल्यागत. सासूच्याच दारात बाळंत हुणार.

त्यांनी ट्रॉली घेतली आणि रॅम्प चढायला लागले.

*

आक्काताईला बातमी दोन मिनिटं उशिरा कळली, आणि तिला ती दोन मिनिटंच जास्त लागली.

गडहिंग्लजपासून बायका तिचं नाव विचारत येतात. आडवं मूल तिने नुसत्या हाताच्या अंदाजाने ओळखलेलं आहे. आणि तिच्या स्वतःच्या सुनेचं पहिलं बाळंतपण खाली, हर्नियाच्या पेशंटांत? गेल्या महिनाभर ती आकारामला हे निरनिराळ्या आवाजांत सांगत होती. फक्त एकच गोष्ट तिला म्हणता येत नव्हती, की रीत मोडा. कारण ती स्वतः नर्स असून, आठव्या महिन्यात, एसटीच्या मागच्या सीटवर आदळत, माहेरी गेली होती. तिथली सुईण सांगायची तसं ती करायची, आणि ती सांगायची तसं सुईण करत नव्हती.

ती रॅम्पपाशी पोचली तेव्हा प्रीती ट्रॉलीवर आडवी होती आणि आकाराम ट्रॉली खाली घेत होते. आक्काताईने डोक्याकडची कड धरली.

ट्रॉली थांबली.

"सिस्टर, सोडा."

"आकाराम, ड्युटीवर हाईस न्हवं? मग ऐक. पेशंट वर घे."

"ड्युटीवर हाय म्हणून सिस्टर म्हणलो. आता विहीणबाई म्हणतो. सोडा ट्रॉली."

"मग मीबी पावणं म्हणते. पावणं, हात काढा."

"लेक माझी हाय!"

"आणि वॉर्ड माझा हाय!"

"म्हणून तर खाली न्यायलोय!"

ट्रॉली एक हात वर गेली, एक हात खाली आली. प्रीतीने डोळे मिटून घेतले. औषधांची खिडकी अर्धी लावून गणपतराव धावत आले. आकाराम त्यांचे व्याही व्हायच्या आधी तीस वर्षांचे दोस्त होते. दोघांनी एकाच दिवशी या दवाखान्यात पहिली हजेरी लावली होती.

"रीत ती रीत, आक्का," गणपतराव हळूच म्हणाले.

"तुमास्नी कुणी इचारलं?"

"कुणी न्हाई," गणपतरावांनी कबूल केलं, आणि बागेच्या कडेची एक वीट उचलून ट्रॉलीच्या चाकाखाली सरकवली. "मी कुणाच्याच बाजूचा न्हाई. मी चाकाच्या बाजूचा."

तेवढ्यात शिरोली एमआयडीसीतून पाठीत उसण भरलेल्या एका कामगाराला घेऊन राजवीर आला. कामगाराने रॅम्पवरचं दृश्य बघितलं आणि पाठीचं दुखणं विसरून कठड्यावर बसला. राजवीरने एकदा आईकडे बघितलं, एकदा सासऱ्यांकडे.

"मामा, आई, तुमी दोघं ठरवा. तवर मी गाडी लावून येतो."

"गाडी लावलेली हाय!" ट्रॉलीवरून प्रीती ओरडली.

"व्हय की," राजवीर म्हणाला, आणि जागच्या जागी उभा राहिला.

डॉक्टर संघप्रिया बाहेर आल्या. वयाने या सगळ्यांहून लहान आणि हुद्द्याने मोठ्या, त्यामुळे त्यांना दिवसातून चारदा तरी रागवावं लागे आणि दरवेळी मनातून वाईट वाटे. चौघांनी चादर धरली, डॉक्टरांनी आत वाकून प्रीतीला तपासलं.

"वेळ आहे," त्या सरळ होत म्हणाल्या. "पण तुमच्या भांडणाला पुरेल एवढा नाही. मला एक टेबल, एक दिवा आणि शांतता पाहिजे."

"टेबल खाली हाय, मॅडम. तेल दिलेलं."

"दिवा वर हाय, मॅडम. चार बल्बचा."

"आणि शांतता?" डॉक्टरांनी विचारलं.

खालून जोतीरामचा आवाज आला, "तात्या, आमी वळू का आता?"

"थांबा!" आकाराम ओरडले.

*

आता एकच माणूस होतं, ज्याचा शब्द दोघांनी ऐकला असता. धोंडुबाई रॅम्पच्या वरच्या टोकाला बाकावर बसल्या होत्या, नेहमीच्या जागी. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्या रोज सकाळी दवाखान्यात येत, बाळंतिणींना धीर देत, नवीन आयांच्या चुका काढत. पण आज शुक्रवार. शुक्रवारी अंबाबाईचं नाव घेऊन त्या बारा वाजेपर्यंत मौन पाळत, हातात माळ. गेल्या चाळीस वर्षांत तो नेम मोडला नव्हता; एकदा चोराला घरात शिरताना बघूनही त्यांनी फक्त टाळ्या वाजवल्या होत्या.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

"आई," गणपतराव त्यांच्यासमोर वाकले, "बोलू नको. नुस्ती मान हलीव. वर का खाली?"

धोंडुबाईंनी डोळे मिटले.

"डोळं मिटलं," गणपतराव वळून म्हणाले. "म्हंजे काय समजायचं?"

"म्हंजे जप करत्यात," आक्काताई म्हणाली. "तुमीबी करा."

"मिटल्या डोळ्यांनी मान जरा खाली गेली," आकाराम म्हणाले.

"माळ बघाय गेली ती मान!"

उसण भरलेल्या कामगाराने मत दिलं की मान वर गेली होती. त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण ते मत आक्काताईला आवडलं आणि तिने त्याच्यासाठी खुर्ची मागवली. आकारामच्या बाजूने मग खालच्या वॉर्डातून ज्ञानू सलाईनचा स्टँड ढकलत आला. आल्यावर त्याने रॅम्पचा चढ बघितला, आक्काताईचा चेहरा बघितला, आणि "माझं काय न्हाई, बाबा" म्हणून खुर्चीवाल्याशेजारी जाऊन उभा राहिला.

प्रीतीला हे सगळं लांबून ऐकू येत होतं. कळ आली की माणसांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे होत. पण एक गोष्ट तिला स्पष्ट कळत होती. इतका वेळ भांडताना आक्काताईचा एक हात ट्रॉलीच्या कडेला होता आणि दुसरा तिच्या कंबरेखाली. नेमक्या ठिकाणी मूठ दाबून ती चोळत होती; भांडणाचा आवाज चढला तरी हाताचा जोर बदलत नव्हता. प्रीतीला आत्तींचा तो हात हवा होता. टेबल कुठलंही असो, दिवा कितीही बल्बचा असो, पुढच्या दोन तासांत तो हात सुटू नये एवढंच तिला हवं होतं.

आणि पायाशी तिचे वडील, ताजे केस कापलेले, मानेवर कात्रीची एक बारीक रेघ उमटलेली. इस्त्रीचा युनिफॉर्म एव्हाना घामाने भिजला होता. त्या डब्यांवरची अक्षरं तिने पाहिली होती. हळिवाच्या डब्यावर त्यांनी एकदा चुकीचं लिहून, पट्टी काढून, पुन्हा नीट लिहिलं होतं. या माणसाला कसं सांगायचं?

पुढची कळ आली ती मोठीच आली, आणि तिने सांगून टाकलं.

"आण्णा," तिने वडिलांचं मनगट धरलं. "मला आत्तींचा हात पायजे."

आकारामनी ट्रॉलीचा दांडा सोडला. ते काही रागावले नाहीत. फक्त आपल्याच हाताकडे बघत राहिले, त्या हाताने आता काय करायचं ते कळत नसल्यासारखे.

"जा की मग," ते म्हणाले. "वर जा. जिवाच्या म्होरं काय हाय." मग अगदी हळू, "पन माहेर तेवढं... ऱ्हायलंच म्हणायचं."

आक्काताईने महिनाभर ज्या विजयाची वाट बघितली होती तो हा. तो असा तोंडात कडू लागेल हे तिला ठाऊक नव्हतं. "तसं न्हवं हो, पावणं," ती म्हणाली.

स्वयंपाकघरातून जेवणाची घंटा झाली. बारा.

धोंडुबाईंनी माळ डोळ्यांना लावली, पिशवीत ठेवली, पिशवीची नाडी ओढली. इतका वेळ लावला की गणपतरावांनी दोनदा घसा खाकरला.

"रजेचा अर्ज आणा," धोंडुबाई म्हणाल्या.

"आई, तू रिटायर हाईस."

"माझा न्हवं, मुडद्या. तुझ्या बायकूचा."

धोंडुबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण छत्तीस वर्षांत त्यांनी या दवाखान्यात एक कागद बघितला होता, ज्याने कुणाचीही कसलीही अडचण सुटत असे: लग्न, मयत, जत्रा, उसाची तोड. रजेचा अर्ज. आणि त्याचा नियम एकच, की बदली दिल्याशिवाय रजा नाही.

"लिव्ह रे, राजवीर. आक्काताई हुपरीकर, हुद्दा सासू. बारा दिवसांची रजा."

"सासूची रजा?" आक्काताई म्हणाली.

"व्हय. बारा दिवस तू सासू न्हाईस. ह्या पोरीची आई हाईस. आईचा वॉर्ड म्हंजे पोरीचं माहेर. बाळंतपण माहेरी झालं. कुणाची काय हरकत?"

कुणाची नव्हती. पण डॉक्टर संघप्रियांना नियम माहीत होता. "आणि बदली कोण, आजी? या बारा दिवसांत सासू कोण?"

धोंडुबाईंनी बोट उचललं. बोट रॅम्पवरून खाली आलं, गणपतरावांपाशी क्षणभर रेंगाळलं, आणि पुढे सरकून आकारामवर थांबलं.

"मी?" आकाराम म्हणाले. "सासू?"

"का? पाच वर्सांच्या पोरीची आई झालास बापयांच्या वॉर्डात. कुणी अर्ज मागितला का तवा? बारा दिवस सासू व्हायला काय झालं?"

"मग... बाप कोण?"

"बापबी तूच. डबल ड्युटी. पयल्यांदा करालाईस का?"

राजवीरने केसपेपरच्या पाठीवर लिहून काढलं. *घरी लेकीचं बाळंतपण असल्याने सासूपदावरून बारा दिवस रजा मिळावी ही विनंती. रजेच्या काळात आई म्हणून कामावर हजर राहीन. बदली: श्री. आकाराम सावर्डेकर.* आक्काताईने सही केली. डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्याने "मंजूर" लिहिलं, आणि मग पहिल्यांदाच मनापासून ओरडल्या, "वीट काढा!"

गणपतरावांनी वीट काढली. खालून ट्रॉली आकारामनीच ढकलली, वरच्या दारापर्यंत. दारात आक्काताईने त्यांना अडवलं.

"तुमी भाईर थांबा, विहीणबाई," ती म्हणाली. "सासरच्या माणसाला आत घेत न्हाईत."

*

दोन तास आकाराम बाकावर बसले. गणपतराव त्यांना सासूपण शिकवत होते. घरी एक आई आणि एक बायको, दोघींचा अनुभव त्यांच्या गाठीला होता.

"असं गुडघ्यावर हात ठिवून बसत न्हाईत. पाठ ताठ. तोंड जरा वाकडं."

आकारामनी तोंड वाकडं केलं.

"लई झालं. दाढ दुखल्यागत दिसतंय. आणि च्या आला तर काय म्हणायचं?"

"बरा झालाय."

"चुकलास! पांचट झालाय म्हणायचं. पिऊन टाकायचा, पन पांचट म्हणायचं."

राजवीरने चहा आणला. आकारामनी घोट घेतला, दाराकडे बघितलं, आतून प्रीतीचा आवाज आला, आणि कपातला अर्धा चहा इस्त्रीच्या विजारीवर सांडला.

"पांचट झालाय," ते कसेबसे म्हणाले.

"शाबास," गणपतराव म्हणाले, आणि विजार पुसायला त्यांनी आपला रुमाल पुढे केला.

धोंडुबाई शेजारी बसून होत्या. आतून आक्काताईचा आवाज येत होता, एवढा वेळ भांडणारा तोच आवाज, पण आता मऊ, एका लयीत, "बाळा, असं. माझ्याकडं बघ. माझ्याकडं बघ, माझी बाय." सुनेला ती आजवर प्रीती म्हणत आली होती, कामाच्या घाईत नुसतं "अगं". बाळा कधी म्हटलं नव्हतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी आतून एक वेगळंच रडणं आलं. बारीक, चिडकं, आल्या आल्या तक्रार असल्यासारखं.

खालच्या वॉर्डात टाळ्या पडल्या. "तात्या, आता तरी वळू का?" जोतीराम ओरडला.

दार उघडलं. आक्काताई दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली. कपाळावर घाम, केस सुटलेले. तिने बाळ एका हातावर घेतलं, दुसऱ्या हाताने पदर डोक्यावरून नीट ओढला, आणि लेकीची आई सासरच्या माणसांपुढे उभी राहते तशी, नजर जरा खाली करून, आकारामपुढे उभी राहिली.

"विहीणबाई," ती म्हणाली, "नात झाली तुमास्नी. तीन किलोला शंभर ग्राम कमी. लेक माझी सुखरूप हाय."

आकाराम उठले. मग आठवण होऊन बसले. पाठ ताठ केली.

"खोड काढ," गणपतराव कानाशी पुटपुटले. "कायतरी खोड काढ. सासू हाईस."

आकारामनी बाळाकडे बघितलं. बाळाने एक डोळा उघडला आणि मिटला. त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं; नाक, ओठ, दुपट्यातून निसटलेली एक मूठ. खोड सापडेना. शेवटी त्यांनी शक्य तेवढं तोंड वाकडं केलं.

"बारा दिसात सुनंला आमच्याकडं धाडू नगासा," ते म्हणाले. "आमाला घाई न्हाई. सव्वा म्हैना ऱ्हाऊ द्या तिला माहेरी. आईपाशी."

आक्काताईने मान वर केली. "सव्वा म्हैना? माझी रजा बाराच दिसांची हाय, पावणं."

"वाढवून घ्या," आकाराम म्हणाले, आणि बाळासाठी दोन्ही हात पुढे केले. "बदली तयार हाय."